ग्रामसेवकाबरोबर जर्मन पंचायतीत

म्युनिकचा राजवाडा बघून आप्पा एवढंच म्हणाले, "एवढ्या खोल्या झाडत कोण असेल?" माझे वडील तीस वर्षं सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक होते, त्यांना राजेरजवाड्यांचं काय कौतुक! आम्ही स्टुटगार्टला माझ्या घरी परतलो आणि ताईचा फोन आला. ती कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत काम करते आणि शेजारच्या गावात राहते. मंगळवारी गावच्या पंचायतीत, म्हणजे गेमाइंडेराटमध्ये, ती प्रश्न विचारणार होती आणि तिला धडकी भरली होती. आप्पा कप ठेवून उठले. "बॅग भर."

तुम्हीही जाणार असाल तर क्वेअर-दुर्ख्स-लांड तिकीट घ्या. एकाच तिकिटावर घरातली पाच माणसं देशभर लोकल गाड्यांनी फिरतात, मात्र कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत बसू नका. मानहाइमला गाडी बदलायची. साडेतीन तास लागतात, पण पुढे जंगलातून जाताना आप्पांनी वर्तमानपत्रसुद्धा उघडलं नाही.

गाव छोटं, शहराला चिकटलेलं. (नाव देत नाही, ताईला तिथंच राहायचंय.) जुनी घरं चर्चभोवती. मग एकदम रुंद रस्ते, मोठी अंगणं, गॅरेजवर बास्केटबॉलची रिंग. युद्धानंतर इथं अमेरिकन सैन्य आलं आणि शेतकऱ्यांनी त्यांच्या कुटुंबांना भाड्यानं द्यायला शेतात घरं बांधली. बेकरीत अजूनही अर्ध्या ऑर्डरी इंग्रजीत चालतात. आम्ही तिथं डांपनूडल खाल्लं, म्हणजे खाली खरपूस खारट पापुद्रा धरलेला वाफवलेला पाव, बटाट्याच्या सूपबरोबर. शाकाहारी माणसाचं पोट गच्च भरतं.

शाळेतून सान्वीला, माझ्या सात वर्षांच्या भाचीला, आणायला गेलो. मोठ्या रस्त्यापाशी आप्पा नाकासमोर निघाले. तिनं त्यांची बाही ओढली. "वार्टे, थांबा आजोबा!" पुढच्याच क्षणी वळणावरून भली मोठी गाडी आली. ताईचा प्रश्न हाच होता: रोज शाळेची पोरं जातात तिथं झेब्रा क्रॉसिंग का नाही? ताईकडे जर्मन पासपोर्ट नाही, म्हणून मत नाही. पण गावात राहणारा कुणीही सभेत प्रश्न विचारू शकतो. मला हे फार आवडलं.

संध्याकाळी सातला लख्ख ऊन होतं. सभागृहात एक गृहस्थ खुर्च्या मांडत होते. तेच बुर्गरमाइस्टर, म्हणजे सरपंच. दिवसा लोकांचे हीटर दुरुस्त करतात. आप्पांनी बसल्या बसल्या सदस्य मोजले. "कोरम आहे," म्हणाले. मग मागं वळून पाहिलं. प्रेक्षकांत आम्ही तिघं, सान्वी आणि विणकाम करणाऱ्या एक आजी. "इथंही माणसं येत नाहीत होय," त्यांना जरा बरंच वाटलं.

ताईनं कागद न बघता प्रश्न विचारला. सरपंच सौम्यपणे म्हणाले की रस्ता जिल्ह्याचा आहे, पण आम्ही बघतो. ताई 'डांके' म्हणून बसली.

"काय म्हणाला?" आप्पा कुजबुजले.

"रस्ता जिल्ह्याचा. बघतो म्हणाला."

"हे उत्तर मी आयुष्यभर दिलंय. ऊठ. प्रोसिडिंगला घ्या म्हणावं, आणि जिल्ह्याला कधीपर्यंत कळवणार ते विचार."

ताईचे कान लाल झाले. पण ती उठली आणि तिनं तसं विचारलं. सरपंच हसले. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले, आणि लिहिणाऱ्या बाईंना सांगितलं: प्रोटोकोलमध्ये, म्हणजे इतिवृत्तात, घ्या, पुढच्या सभेआधी जिल्ह्याला पत्र. एका सदस्यानं टेबल वाजवून दाद दिली. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. नंतर आप्पांनी सरपंचांबरोबर सगळ्या खुर्च्या आवरल्या. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं.

परतीच्या गाडीत मी या लोकांचं कौतुक करत सुटले होते. आप्पा खिडकीकडे बघत म्हणाले, "आमच्या ग्रामसभेला कोरम व्हायचाच नाही. मग सभा झाली असं लिहून मी घरोघर सह्या घ्यायचो. एकदा सुमनबाईंनी दारात सही करता करता विचारलं, शाळेच्या वाटेवर ओढ्याला साकव आहे, त्याची फळी कधी बसवणार? मी म्हणालो, सभेत विचारा." थोड्या वेळानं म्हणाले, "सभा होती कुठं?"

गाडीत कुणीतरी डबा उघडला होता, त्याचा वास येत होता.

घरी येऊन तीन आठवडे झाले. झेब्रा अजून नाही, जिल्ह्याकडून मोजणीला माणूस येऊन गेला म्हणे. काल ताईनं सभेचं प्रोटोकोल पाठवलं. शेवटच्या पानावर तिचं नाव, तिचा प्रश्न, मिळालेलं उत्तर. आप्पांनी ते बोट ठेवून मला दोनदा वाचायला लावलं. मग माझ्याकडे कागद मागितला आणि त्यांच्या त्या सरळ सरकारी अक्षरात लिहिलं: 'शाळेच्या वाटेवरील साकवाच्या फळीबाबत श्रीमती सुमनबाई यांनी विचारणा केली.'

पेन तसंच धरून त्यांनी मला विचारलं, "तारीख कुठली घालू गं?"