निरोपातली पहिली ओळ

मुलीचा पहिला वाढदिवस झाला आणि महिन्याभरात पत्नीची पाळी पुन्हा सुरू झाली. बाळंतपणापूर्वी ती अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांनी येत असे. आता बाविसाव्या, कधी एकविसाव्याच दिवशी येऊ लागली. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि ती अडतीस. दुसरे मूल हवे असेल तर आपल्याला थांबण्याची मुभा नाही, हे आम्ही न बोलता मान्य केले होते. पाळी इतक्या लवकर येत राहिली तर गर्भाला रुजायला पुरेसे दिवस मिळत नाहीत, असे कुठेतरी वाचलेही होते. दर तीन आठवड्यांनी ती बाथरूममधून बाहेर येई, माझ्याकडे न पाहता नकारार्थी मान हलवी, आणि मी उगाच भांडी आवरू लागे.

त्या दिवसांत आम्हा दोघांचे दुःख एकच होते. मी ते तसे राहू दिले नाही.

अमेरिकेत, रेडमंडमध्ये आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, माझ्या टीममधला एक नागपूरकर राहत असे. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला दादा म्हणे. त्याचा मुलगा आमच्या मुलीहून एका महिन्याने मोठा. एका सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहताना तो म्हणाला, "दादा, एक न्यूज आहे. घरात अजून एक जण येऊन राहिलाय."

"अरे वा! अभिनंदन!"

"काय वा! प्लॅनच नव्हता केला यार. हे पोट्टं अजून धड चालत नाही, अन् दुसरं लाइनमध्ये उभं. बायको माझ्यावरच चिडून राहिली."

मी हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली, बसमध्ये त्याच्या शेजारीच बसलो. तो आनंदाने नाचला असता तर मी कदाचित सहन केले असते. ज्यासाठी आम्ही दिवस मोजत होतो, त्याची तो तक्रार करत होता. ती बेफिकिरी मला सोसवेना.

त्या शनिवारी त्याने मला खाली बोलावले. भारतात परत जाणाऱ्या एका कुटुंबाने त्याला दोन मुलांची बाबागाडी दिली होती आणि तिचे एक चाक डगमगत होते. "दादा, तुझा हात चांगला आहे, बघ ना जरा." मी गालिच्यावर गुडघे टेकून चाक बसवू लागलो. त्याची बायको चहा घेऊन आली. अजून काहीही दिसत नव्हते, तरी तिचा एक हात पोटावर होता. एक स्क्रू सैल ठेवावा, असा विचार माझ्या मनात आला. ठेवला नाही. पण विचार आला होता, हे इथे लिहिले पाहिजे.

सोमवारी डॉक्टरांचे उत्तर आले. प्रश्न पत्नीचा होता, तरी पाठवला होता मी. विमा, व्हिसा, अपॉइंटमेंटी, दवाखान्याचे पोर्टल, सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडेच असत. मी ते ऑफिसात वाचले. पहिल्या ओळीत लिहिले होते की अंगावर पाजत असल्यामुळे पाळीचे चक्र लहान होत असण्याची शक्यता आहे. पुढे लिहिले होते की त्यासाठी पाजणे थांबवण्याची गरज नाही, बहुधा हे आपोआप सुधारते. वयाचाही भाग असू शकतो, तेव्हा आधी रक्त तपासू.

संध्याकाळी मुलीला वरणभात भरवताना पत्नीने विचारले, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"अंगावर पाजल्यामुळे असू शकतं म्हणाल्या."

"मग? बंद करायचं?"

"करायला हवं," मी म्हणालो.

दुसऱ्या उत्तरात 'म्हणाल्या' हा शब्द मी घातला नव्हता. आपण खोटे बोललो नाही, हे स्वतःला पटवायला तेवढा आधार मला पुष्कळ दिवस पुरला.

"मला अजून सहा महिने तरी पाजायचं होतं रे," ती म्हणाली. मी मुलीचे तोंड पुसले.

सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर उपाय सांगितला. "कोरफडीचा गर लाव गं. चार दिवसांत सोडेल. तुझंही तसंच तोडलं होतं." मुलीने तोंड लावले, तिचा चेहरा कडूने आक्रसला, आणि ती माझ्याकडे वळून रडू लागली, जणू बाबांनी काहीतरी करावे. तिसऱ्या दिवशी पत्नीची छाती भरून दुखू लागली, ताप आला. मी पट्ट्या गरम करून दिल्या. मनात खालच्या मजल्यावरच्या बाईचा कितवा आठवडा असेल, याचा हिशेब चालू होता.

पाळी चोवीस दिवसांवर गेली, मग पुन्हा बावीसवर आली. दोन महिन्यांनी आम्ही दवाखान्यात गेलो.

"पाजणं थांबवलंत?" डॉक्टरांनी विचारले. "मी तर गरज नाही असं लिहिलं होतं."

पत्नी म्हणाली, "मुलगी नीट जेवायला लागली होती. म्हणून."

तिने मला सांभाळून घेतले. त्या क्षणी मला जितकी लाज वाटली, तितकी तिच्या रागाने कधीच वाटली नसती.

गाडीत बसल्यावर तिने मला चावी फिरवू दिली नाही. "वाचून दाखव. सगळं."

मी फोनवर निरोप उघडला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"खालची बातमी तुला कधी कळली होती?"

"या निरोपाच्या आदल्या आठवड्यात."

"वाटलंच," ती म्हणाली. मग म्हणाली, "पासवर्ड दे."

तपासण्यांत वयाचेच कारण निघाले. आम्ही आणखी वर्षभर प्रयत्न केला, मग तिने पुरे म्हटले. मी पाजणे बंद करवले नसते तरी बहुधा हेच झाले असते. त्यामुळे माझा अपराध कमी होत नाही. उलट, मुलीकडून मी जे हिरावले ते कशाच्याही मोबदल्यात हिरावले नाही, एवढेच सिद्ध होते. खालच्यांना मुलगी झाली. तिच्या बारशाला मी पाळण्याची दोरी ओढली, आणि तेव्हाही मत्सर गेलेला नव्हता.

दवाखान्यातून घरी आलो त्या दुपारी पत्नीने मुलीला मांडीवर घेतले आणि टी-शर्ट वर केला. मी दारात उभा होतो. मुलीने पाहिले. तिला वाटले, आई काही नवा खेळ खेळते आहे. तिने बोटाने टोचून पाहिले, खळखळून हसली, दोन्ही हातांनी टी-शर्ट खाली ओढला आणि मांडीवरून उतरून आपल्या ठोकळ्यांकडे गेली. पत्नी बराच वेळ तशीच बसून होती. मी आत पाऊल टाकले तेव्हा ती म्हणाली, "तू नको. आत्ता तू नको."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.