आक्काच्या वाटचं मीठ

जगात मिसळलेली कुठलीही वस्तू पुन्हा वेगळी करता येते, असं माझे दाजी ठामपणे मानत, आणि अशा माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान, बारामतीच्या शाळेत रसायनाचे मास्तर. खिशात कायम लोहचुंबक. बाजारात ज्वारीच्या राशीतून ते फिरवायचं आणि चिकटलेला लोखंडाचा कीस व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवून म्हणायचं, "हे तुमचं, तुमी ठेवा." कुणी चहा दिला की पहिला घोट जिभेवर घोळवून "विरल द्रावण" असा निकाल, लोक त्यांना चहा विचारायला घाबरत. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी आमटीवरचा तवंग अलगद काढून वेगळ्या द्रोणात ठेवला, तेव्हा आक्काला तोंड कुठं लपवावं कळेना.

मग आक्काच्या अंगावर सूज आली. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, ते जेवणातलं. दाजींनी पाण्यातलंही धरलं, कारण कालवा आल्यापासून जमिनीतलं मीठ वर येऊन आमच्याकडच्या विहिरी मचूळ झालेल्या. शाळा सुटली की चुलीवर तांब्याचा हंडा चढे, नळीतून वाफेचं पाणी थेंब थेंब गळे, आणि आक्कानं तेवढंच प्यायचं.

"ह्या पान्याला चवच न्हाय वो. एकदा आपल्या हिरीचं द्या."

"सूज उतरू दे. मग देतो."

बुडाला धरलेलं मीठ ते खरवडून बरणीत भरत. "तुझ्याच वाटचं हाय. बरी झालीस की परत घालू."

सूज उतरली नाही. आक्का गेली.

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. तिच्या पोरांना सांभाळू, सणाला आजोळी आणू, आम्ही सगळ्यांनी शब्द देऊन पाहिले. ऊन चढलं. दाजी घरी गेले, तांब्याभर विहिरीचं पाणी आणि ती बरणी घेऊन आले.

"मीठ ठेवत नसत्यात हितं," कुणीतरी म्हातारं म्हणालं.

दाजींनी सगळं मीठ तांब्यात ओतलं, बोटानं ढवळलं आणि तांब्या पिंडाशेजारी ठेवला. थोड्या वेळानं कावळा उतरला. माणसं सुटल्यासारखी उठून अंघोळीला गेली. दाजी तिथंच, तांब्यात डोकावत बसलेले.

"समदं विरघळलं न्हाय रं. तिच्या वाटचं थोडं ऱ्हायलंच."

मला रडू आवरेना. "आक्का कायम सगळ्यांच्या मागनं, तळाचंच खायची, दाजी."

त्यांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच, चाखून न बघता, त्यांनी एखादी गोष्ट खरी मानली.