बिमार बाजा

"मले काही नाही झालं साहेब, बाजा बिमार आहे."

खुर्चीत बसल्याबसल्या तो हे म्हणाला आणि बोटं हवेत नाचवत, हातात नसलेला ट्रम्पेट त्यानं वाजवून दाखवला. पुढं दर वेळी त्याची सुरुवात हीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जरीपटका नावाच्या वस्तीत माझा दातांचा दवाखाना नवा होता. तो जवळच्या कामठीच्या एका बँडमधला. वरातीत सगळ्यांच्या पुढं, गाल फुगवून चालणारा ट्रम्पेटवाला तुम्हीही पाहिला असेल, तसाच. दुखत काहीच नव्हतं, फक्त वरचा सूर घसरत होता. पाहिलं तर खालचा पुढचा एक दात काळपट पडलेला, शेजारचे दोन कललेले, हिरडीखाली फुगवटा. बोटानं दाबलं तर हाड पातळ पत्र्यासारखं दबलं.

"या दाताला कधी मार लागला होता?"

"लागला ना. नवरदेवाची घोडी भडकली, बाजा तोंडातच होता. लय वर्षं झाली. घोडीही मेली असन आता."

एक्सरेत हनुवटीच्या हाडात लिंबाएवढी काळी पोकळी दिसली, कडेनं पांढरी रेघ. मेलेल्या दाताच्या मुळाशी पाण्याची गाठ धरली होती आणि ती गुपचूप वाढत गेली होती. सुई घातली तर पिवळसर पाणी आलं. तरी आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. त्या दिवशी हवेतला बाजा वाजला नाही.

"कॅन्सर नाही," मी म्हणालो.

तो बायकोकडे वळला. "सांगितलं होतं ना तुले. उगाच रडून राहिली होती."

"मी नाही," ती म्हणाली, "तुम्हीच रडून राहिले होते."

गाठ एकदम खरवडली असती तर जबडा मोडायची भीती होती. म्हणून दात काढला, गाठीला तोंडात उघडणारी खिडकी पाडली आणि औषधाची पट्टी भरली. आता हाड कडेनं हळूहळू भरून यायचं होतं. पट्टी बदलायला तो दर आठवड्याला बसनं यायचा. घरी बायको पिचकारीनं मिठाचं पाणी मारून पोकळी धुवायची. "इतक्या वर्षांचा राग काढून राहिली," तो खुशीत सांगायचा. फुंकायला मात्र बंदी.

लग्नसराई आली. त्यानं वाट काढली: ट्रम्पेट ओठांपाशी धरून नुसती बोटं चालवायची. मी रागावलो.

"फुंकून नाही राहिलो साहेब." मग म्हणाला, "पुरी वरात झाली. कोणाले समजलंच नाही."



"वरात घरावरूनच गेली," दाराशी उभी असलेली बायको म्हणाली. "मले समजलं."

बऱ्याच महिन्यांनी पोकळी आक्रसली. उरलेलं अस्तर काढलं, पुढं जबडा पक्का झाल्यावर खोटा दात बसवला आणि म्हणालो, "हळूच फुंका."

तो पायरीवर जाऊन उभा राहिला. सुजलेले गाल धरून बसलेले रोगी बाहेर आले. वरचा सूर लागला आणि हलला नाही. तो थांबायलाच तयार नव्हता.

"बस झालं आता," बायको म्हणाली, "गाडी सुटन."

त्यानंतर तो आला नाही. यायची गरजच उरली नव्हती. काही वर्षांनी कामठीच्याच एका रोग्याकडून कळलं, की तो गेला.

रस्त्यावरून वरात निघाली की अजून माझा हात थांबतो. खुर्चीतला माणूस आ करून वाट पाहत असतो, आणि वरचा सूर लागेपर्यंत मी त्याला तसाच बसवून ठेवतो.