शिडाखालची कंपनी

गोपाळ आमच्या मालगुंडच्या अंगणात आला तेव्हा मी आमसुलं उन्हात पसरत होते. आजवर खांद्याला मृदंग लावल्याशिवाय तो आमच्या दारात कधी आला नव्हता. त्या दिवशी त्याचे दोन्ही हात मोकळे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं... त्यानं तोंड उघडण्याआधीच मी समजले. माझा धाकटा भाऊ विश्वनाथ, आमचा विसू, गेला होता. आता महिना उलटून गेला. रत्नागिरीत त्याच्याविषयी जी भाषणं झाली त्यांत ‘बिचारा’, ‘बोलपटांनी गिळलेला’ असे शब्द ऐकले, म्हणून हे लिहायला बसले. माझा भाऊ बिचारा नव्हता. लहानपणी त्याचे कान मीच उपटलेले आहेत, तेव्हा त्याच्यात काय कमी होतं हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

विसू मुंबईत एका फोटोग्राफरकडे उमेदवारी करून परतला तो एक जुना, हातानं मूठ फिरवून चालवायचा कॅमेरा घेऊन. घरच्यांना वाटलं, आता हा लग्नामुंजीचे फोटो काढील आणि चार घास सुखानं खाईल. यानं गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळावर वासे उभे केले आणि चित्रपटांची कंपनी काढली. तेव्हा चित्रपट उन्हातच घेत. ऊन थेट चेहऱ्यावर पडू नये म्हणून मुंबईच्या कंपन्या डोक्यावर पांढरंशुभ्र कापड ताणत. विसूनं मिरकरवाड्याच्या तांडेलांकडून मचव्यांची टाकून दिलेली शिडं मागून आणली. ती एकमेकांना जोडायचं काम अर्थातच माझ्याकडे. माहेरी चार दिवस विसाव्याला यावं, तर हा हातात दाभण देई. लोक तिला शिडाची कंपनीच म्हणू लागले. दुपारी वारा सुटला की राजा, प्रधान आणि सेनापती सगळे दरबार सोडून दोऱ्या धरायला धावत, आणि राजाचा पुठ्ठ्याचा मुकुट कातळावरून घरंगळत थेट करवंदीच्या जाळीत जाई. तो मुकुटही मीच चिकटवलेला, म्हणून मला जास्त राग येई.

नट म्हणजे आसपासच्या वाड्यांतले खेळे. शिमग्यात अंगणाअंगणांतून नमनाचे खेळ करणारे, एरवी शेती करणारे. त्यांची एकच अडचण होती. मृदंग वाजल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. हा चित्रपट मुका आहे, मृदंग कुणालाच ऐकू येणार नाही, असं विसूनं परोपरीनं समजावलं. ते माना डोलवत आणि होते तिथेच उभे राहत. शेवटी त्यांचाच मृदंगवाला गोपाळ कॅमेऱ्याशेजारी बसला, आणि त्यात विसूचाही फायदा झाला. मूठ एका गतीनं फिरवणं हे त्या कामातलं सगळ्यात कठीण काम. विसू गोपाळच्या ठेक्यावर हात फिरवू लागला. डोळे नटांवर, कान मृदंगाकडे आणि हात मुठीवर, असा तो उभा असला की त्याला हाक मारायची सोय नसे.

त्यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटात समुद्रातून आलेला एक दैत्य होता आणि शेवटी देवीशी त्याची लढाई. नमनात लढाई आली की मृदंगाची चाल वाढते. तशी ती वाढली. गोपाळ घुमू लागला, आणि त्याच्या नादात विसूचा हातही धावू लागला. आता या यंत्राची गंमत अशी की घेताना मूठ जोरात फिरवली तर पडद्यावर सगळं संथ दिसतं. आमच्या गोठ्यात जुन्या लुगड्याचा पडदा लावून पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा तलवारी पाण्यातून चालाव्यात तशा चालत होत्या. दैत्य पडायला लागला तो पडतच राहिला. पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती. गोपाळ कोपऱ्यात बसून म्हणाला, “भाऊ, लढाई लागली का हात माजा ऱ्हात नाय वो.” विसू म्हणाला, “माझाही राहिला नाही.”

तसाच तो चित्रपट त्यांनी देवळापुढच्या पटांगणात लावला. मी तर पदर तोंडाला लावूनच बसले होते, लोक हसले तर माझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून. पण दैत्य हळूहळू पडू लागला तसे लोक उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. माझ्या शेजारच्या म्हातारीला मी हळूच विचारलं, लढाई फार सावकाश नाही वाटत? ती म्हणाली, “देवीचा काम हाय ता. तिला कसली घाय?”

विसूची सगळी आशा मुंबईवर होती. चित्रपट तिथे लागला तरच पुढचा काढता येणार होता, नाहीतर कंपनी बुडाली. मी तेव्हा जावेच्या बाळंतपणासाठी गिरगावात होते, म्हणून हे मला समोरच पाहायला मिळालं. दोन-तीन थेटरं हाताशी असलेल्या एका गृहस्थानं चित्रपट पाहिला, लढाईला पोट धरून हसला आणि म्हणाला, एवढा भाग कापा. लढाई आम्ही आमच्या माणसांकडून नवी करून घेऊ, मग उद्या लावतो. तुम्हालाही इथेच नोकरी देतो. विसूही जावेकडेच उतरला होता. तो घरी आला, जेवला नाही. मी म्हटलं, काप बाबा, एवढी लढाई गेली तर काय आकाश कोसळणार आहे? तो म्हणाला, “अक्का, बाकीचा चित्रपट कुणीही काढील. तेवढाच आमचा आहे.” मला त्याचा संताप आला. आज त्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

मग गिरणीत कामाला असलेल्या आमच्याकडच्या मंडळींनी एक पडकं थेटर मिळवलं. गोपाळ गावाहून बोटीनं आला आणि पडद्याखाली मृदंग घेऊन बसला. लढाई संपली आणि लोक ओरडू लागले, परत लावा. परत लावली. दुसऱ्या दिवशी तीच माणसं शेजारच्यांना घेऊन आली. त्या जोरावर कंपनीनं आणखी चित्रपट काढले. पुढे बोलपट आले, त्यांची यंत्रं आमच्या आवाक्याबाहेरची, आणि सड्यावरचे वासे उतरले. पण दैत्याचा चित्रपट थांबला नाही. दरवर्षी शिमगा झाला की विसू आणि गोपाळ तो घेऊन निघत, ते पार मंडणगडापर्यंत. कैक लोकांना त्यातला प्रत्येक वार पाठ होता. गिळलेल्या माणसाचं असं होतं का?

यंदा त्याला जाता आलं नाही. छातीच्या दुखण्यानं त्यानं अंथरूण धरलं होतं. मी भेटायला गेले त्या दुपारी गोपाळही आला होता. विसूनं त्याला लढाई वाजवायला सांगितली. गोपाळ वाजवू लागला आणि विसूचा उजवा हात चादरीवर फिरू लागला. ते पाहून, आयुष्यात ज्याला चाल कधी आवरली नाही त्या गोपाळनं ती आवरली. हात दमू नये म्हणून अगदी सावकाश, एकसारखा वाजवत राहिला. विसू म्हणाला, “वाढव रे. हात जोरात फिरला की माणूस पडद्यावर जास्त वेळ राहतो.” गोपाळनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यानं चाल वाढवली... आणि विसू हसत होता.

तो कॅमेरा अजून त्याच्या खोलीत खिडकीपाशी आहे. मुठीचं लाकूड त्याच्या अंगठ्यानं एका बाजूला झिजलं आहे, तिथे माझा अंगठा बरोबर बसतो. माहेरी गेले की मी ती मूठ फिरवते. आत फिल्म नाही, यंत्राला इजा होईल, अक्का जरा सावकाश, असं विसूची बायको म्हणते. मी सावकाश फिरवत नाही.