लुचानाबाईंच्या हॉटेलात आमचे पासपोर्ट

कुवेतमधून सुट्टीवर निघायचं म्हणजे बॅगा भरण्याआधी एक काम असतं. ऑफिसातून पासपोर्ट सोडवून आणायचे. ‘सोडवून’ हाच शब्द इथली सगळी मराठी मंडळी वापरतात, गहाण टाकलेल्या पाटल्या सोडवाव्यात तसा. नोकरीवर रुजू झालात, की पासपोर्ट कंपनीच्या कपाटात जातो. बायकामुलांचेही तिथेच. रजा मंजूर झाली, की मंदूब (कंपनीची सरकारदरबारची कामं करणारा माणूस) रजिस्टरात सही घेऊन ते हातात देतो आणि परत आल्यावर दोन दिवसांत पुन्हा जमा करून घेतो.

एकदा पासपोर्ट हातात आले, की माझे यजमान श्रीकांत वेगळेच होतात. त्यांच्या बनियनला आतून खिसा शिवून द्यायचं काम माझं. तिघांचे पासपोर्ट त्या खिशात गेले, की ते अंघोळीपुरतेच बाहेर येणार, तेही न्हाणीघरातल्या खिडकीवर डोळ्यांसमोर. मी चेष्टा करते; पण फार नाही करत. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा मी आणि आमची चार-पाच वर्षांची लेक मैत्रेयी सुट्टीसाठी निफाडला होतो. हे इथे एकटे. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, ऑफिसला कुलूप आणि किल्लीवाला देश सोडून गेलेला. वकिलातीनं दिलेल्या एका कागदावर हे बगदादमार्गे जॉर्डनला पोचले. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर तो कागद कसा उलटसुलट बघितला जायचा, एवढंच त्यांनी मला सांगितलंय. बाकीचं मी विचारलेलं नाही. तिथून विमानानं मुंबईला उतरले तेव्हा दाढीमुळे मी त्यांना ओळखलंच नव्हतं.

तर, एकोणीसशे नव्याण्णवचा जुलै. दर वर्षी निफाड करून मैत्रेयी कंटाळली होती. श्रीकांतच्या अहमदीतल्या प्लांटवर कॉम्प्रेसर बसवायला आलेल्या एका इटालियन इंजिनियरनं त्याच्या गावाकडच्या हॉटेलचा फॅक्स नंबर दिला. गाव समुद्राकाठचं, नाव काटोलिका. हॉटेल म्हणजे पेन्सिओने (घरच्यांनीच चालवलेली, जेवणासकट राहायची सोय). फॅक्सचं उत्तर हातानं लिहिलेलं आलं आणि शेवटी फूल काढलेलं होतं. व्हिसाच्या अर्जाला हा फुलाचा कागद जोडताना श्रीकांतचा जीव खालीवर झाला. पण व्हिसा मिळाला.

कुवेतच्या विमानतळाकडे निघालो तेव्हा गरम हवा कानात शिरत होती. रोमला उतरून, गाड्या बदलत, डोंगर ओलांडून दुसऱ्या दिवशी बारा वाजता काटोलिकाला पोचलो. स्टेशनातून समुद्राकडे जाणारा रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना चार-चार मजल्यांची हॉटेलं, प्रत्येकाच्या बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल. मला एकदम हायसं वाटलं. ज्या गावात लोक रस्त्यावरून दिसेल असं वाळत घालतात, तिथे आपलं जमेल.

हॉटेलची मालकीण सिन्योरा लुचाना. साठी ओलांडलेली, ठेंगणी, कमरेला पिठानं भरलेला एप्रन. इंग्रजी तिला येत नाही. मुलगा पाओलो आईचं बोलणं आम्हाला आणि आमचं आईला सांगतो. तिनं माझा गालगुच्चा घेतला, मैत्रेयीचा घेतला आणि मग हात पुढे केला.

“पासपोर्ट,” पाओलो म्हणाला. “उद्या सकाळी परत मिळतील.”

इथला नियम असा, की हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येकाची माहिती एका छोट्या फॉर्मावर लिहून पोलिसांकडे पोचवावी लागते. स्वयंपाक आटोपून निवांत झाल्यावर बाई एकेक पासपोर्ट उघडून ती लिहून काढते. तोवर सगळ्यांचे पासपोर्ट काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, आणि बरेच जण नंतरही ते निघेपर्यंत तिथेच राहू देतात.

श्रीकांत म्हणाले, “दाखवतो. देणार नाही.”

पाओलोला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. त्यानं पुन्हा समजावलं. श्रीकांतनी पुन्हा तेच सांगितलं. लुचानाबाईंचा चेहरा हळूहळू बदलला. “माझ्या आईच्या वेळेपासून या ड्रॉवरमध्ये पाहुण्यांचे पासपोर्ट राहतात,” त्या म्हणाल्या. “एक हरवलेला नाही. नोंद नसेल तर मी खोली देऊ शकत नाही. मला दंड होईल.”

“बाबा, प्लीज,” मैत्रेयी पुटपुटली. “इट्स जस्ट अ हॉटेल. एव्हरीबडी इज लुकिंग.”

“अहो,” मी मराठीत म्हणाले, “ही बाई काय कुठे पळून जाणारेय? तिचं हॉटेल इथेच आहे.”

“आपलं ऑफिसपण तिथेच होतं,” श्रीकांत म्हणाले.

शेवटी यांनीच तोड काढली. बाईंना वेळ होईल तेव्हा त्यांनी लिहावं, तोवर आपण इथे बसतो. आणि खरंच काउंटरसमोरच्या लाकडी खुर्चीवर, तिन्ही बॅगा पायांशी घेऊन, ते बसले. पलीकडे तीस-पस्तीस माणसांची जेवणाची धांदल चालली होती. मैत्रेयी आणि मी लाजेनं मान खाली घालून टोमॅटोतला पास्ता खात होतो. थोड्या वेळानं लुचानाबाई एक ताट घेऊन गेल्या आणि ते यांच्या समोर काउंटरवर आदळलं. राग होता; पण ताट भरलेलं होतं. तीन वाजता हात पुसत त्या आल्या, चष्मा लावला आणि लिहायला बसल्या. हे शेजारी उभे. जन्मगाव ‘निफाड’ लिहायला त्यांना तीन प्रयत्न लागले. लिहून झालं, तिन्ही पासपोर्ट त्यांनी यांच्या हातावर ठेवले आणि खोलीची किल्ली दिली.

दुसऱ्या दिवसापासून मी गाव बघायला मोकळी झाले. तिथल्या समुद्रकिनाऱ्याची शिस्त बघून मी थक्क झाले. वाळूत छत्र्यांच्या रांगा, प्रत्येक छत्रीला नंबर, आणि कुठल्या हॉटेलची कुठली छत्री हे ठरलेलं. आमच्या शेजारच्या छत्रीतलं म्हातारं जर्मन जोडपं वीस वर्षं त्याच छत्रीखाली बसत होतं. आम्हाला कुवेतमधल्या फाहाहीलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पूर्ण कपड्यांत, थर्मासमधला चहा पीत बसायची सवय. इथे माझ्या आईच्या वयाच्या बायका दोन चिंध्यांत उन्हात पडून भाजी काय करायची यावर वाद घालत होत्या. मी इतकं टक लावून बघायला लागले, की मैत्रेयीनं माझं तोंड धरून समुद्राकडे वळवलं.

जेवणाची मात्र फजिती झाली. मी शाकाहारी; मासेसुद्धा नाहीत म्हटल्यावर लुचानाबाईंनी पाओलोला तीनदा विचारलं, की नीट ऐकलंस ना. मग माझी गाडी पियादिनावर आली. पियादिना म्हणजे तव्यावर भाजलेली मैद्याची जाडसर पोळी, आत चीज आणि पालेभाजी. तीन दिवस मी ती मिटक्या मारत खाल्ली. चौथ्या दिवशी कृती विचारायला स्वयंपाकघरात गेले, तर पाओलो सहज म्हणाला, पीठ मळताना डुकराची चरबी घालतात, त्यानंच ती खुसखुशीत होते. मी मटकन स्टुलावर बसले. निफाडला कळलं असतं तर मला गोमूत्रात बुडवून काढलं असतं. माझा चेहरा बघून लुचानाबाईंनी कपाळावर हात मारला, आधीचा गोळा बाजूला सारला आणि ऑलिव्हच्या तेलात माझ्यापुरतं वेगळं पीठ मळायला घेतलं.

पीठ मळता मळता त्यांनी विचारलं, “तुझा नवरा पाण्यात का जात नाही? तब्येत बरी नाही का?”

त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. चार दिवस श्रीकांत छत्रीखाली शर्टपँटमध्ये बसून होते. हा माणूस गोदावरीच्या पुरात पोहलेला. मैत्रेयी रोज पाण्यातून हाका मारायची, “बाबा, कम इन!” आणि हे हात हलवून नाही म्हणायचे. पासपोर्ट छातीशी, ते घेऊन पाण्यात जाणार कसे आणि काढून ठेवणार कुणाकडे? माझ्याकडेही देईनात. “तुला डुलकी लागते,” म्हणाले. सुट्टी निम्मी संपली होती आणि मुलीनं हाक मारणं सोडून दिलं होतं. मला त्याचंच वाईट वाटत होतं. चौदा वर्षांची मुलगी बापाला पाण्यात बोलावते, हे अजून किती उन्हाळे चालणार?

मी सगळं सांगितलं. नव्वद साल, कुलूप, कागद, दाढी. पाओलो थांबत थांबत आईला सांगत गेला. लुचानाबाईंनी गोळा ओल्या फडक्याखाली झाकला, हात धुतले आणि काउंटरच्या ड्रॉवरची पितळी किल्ली घेऊन थेट बागेत, जिथे श्रीकांत वर्तमानपत्रातली चित्रं बघत बसले होते, तिथे गेल्या.

“तुम्ही स्वतः ठेवा, स्वतः कुलूप लावा,” पाओलोनं सांगितलं. “किल्ली तुमच्याकडे. आई म्हणते, दुसरी किल्ली नाही.”

श्रीकांतनी किल्ली उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, “सकाळी सांगतो.”

सकाळी त्यांनी ड्रॉवर उघडला, पासपोर्ट ठेवले, कुलूप लावलं, तीनदा ओढून बघितलं. आता किल्ली कुठे ठेवायची? पोहायच्या चड्डीला खिसा नव्हता. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जी जागा, तीच त्यांना सुचली. किल्ली जानव्याला बांधली आणि छातीवर पितळ मिरवत ते बापलेक पाण्यात गेले. तिथला समुद्र उथळ. अर्धा मैल चालावं तेव्हा कमरेएवढं पाणी लागतं. दोघं चालत गेले, गेले आणि ठिपक्याएवढे झाले. मी छत्रीखाली बसून रडून घेतलं, कुणाला दिसणार नाही असं.

तासाभरानं वाळूतून लुचानाबाई धावत येताना दिसल्या, एप्रनसकट. मागे पाओलो. वीस वर्षं येणारं जर्मन जोडपं त्या दिवशी निघणार होतं. त्यांची गाडी चाळीस मिनिटांत होती आणि त्यांची ओळखपत्रं ड्रॉवरमध्ये. निम्म्या हॉटेलचे कागद ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली आड्रियाटिक समुद्रात!

किनाऱ्यावर हरवलेल्या मुलांसाठी लाउडस्पीकर आहे. त्यावरून साऱ्या काटोलिकात पुकारा झाला, “सिन्योर कुलकर्णी! सिन्योर कुलकर्णी!” ठिपका थांबला, वळला आणि पाणी उडवत पळत सुटला. मी जन्मात यांना इतकं पळताना पाहिलं नव्हतं. ओलेचिंब श्रीकांत भर रस्त्यातून हॉटेलात शिरले, त्यांच्यामागे लुचानाबाई, मी, मैत्रेयी आणि उगाच दोन-चार बघे. ओल्या जानव्याची गाठ सुटेना, तेव्हा यांनी वाकून, जानवं गळ्यात असतानाच, छाती ड्रॉवरला टेकवून कुलूप उघडलं.

ड्रॉवरमध्ये पासपोर्टांचा ढीग होता. लाल, निळे, हिरवे, काही रबरबँडमध्ये, काही नुसतेच, बटाट्याच्या पावत्यांत मिसळलेले. जर्मन आजोबांनी दोघांची ओळखपत्रं घेतली, न बघताच खिशात टाकली, हसून यांचा ओला खांदा थोपटला आणि निघाले.

श्रीकांत तसेच उभे. खालची फरशी भिजत होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “बघ ना गं. सगळ्यांनी दिलेत. कोण कुठले लोक, आणि कुणाला साधी काळजीसुद्धा नाही.” त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. हेवा होता त्यात, आणि मला तो फार योग्य वाटला.

त्यांनी किल्ली सोडवून लुचानाबाईंना परत दिली. आमचे पासपोर्ट मात्र उरलेले पाच दिवस त्याच ढिगात राहिले. निघताना बाईंनी ते स्वतःहून यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “युअर्स.” एवढा एक इंग्रजी शब्द त्यांनी पाओलोकडून शिकून घेतला होता.

कुवेतला परतलो तो शुक्रवार. शनिवारी सकाळी ऑफिसात जाताना श्रीकांत म्हणाले, “तूही चल.” मंदूब अबू सामी इजिप्तचा, मोठा गोड माणूस. चहा मागवला, प्रवास विचारला आणि रजिस्टर पुढे सरकवलं. “या बाशमोहंदिस (अहो इंजिनियरसाहेब), जमा करा.”

“इथे बसतो,” श्रीकांत म्हणाले. “तुम्हाला जे लिहून घ्यायचं ते माझ्यासमोर लिहा. पासपोर्ट घरी नेणार.”

अबू सामीचा चहा तसाच राहिला. असं चालत नाही, सगळे ठेवतात, साहेब चिडतील, करार संपताना अडचण येईल, असं बरंच काही तो सांगत होता. श्रीकांत ऐकून घेत होते. मैत्रेयीची शाळा, घर, सगळं याच नोकरीवर. तरी मी यांना थांबवलं नाही. शेवटी अबू सामीनं एका कागदावर अरबीत काहीतरी लिहून यांची सही घेतली आणि म्हणाला, “पुढचं मला माहीत नाही.” खरंच, आम्हालाही माहीत नाही. हे लिहीत असताना कराराला वर्ष बाकी आहे आणि साहेब यांच्याशी पूर्वीसारखे बोलत नाहीत.

घरी आलो. श्रीकांतनी तीन पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि आम्ही दोघं घरभर बघायला लागलो. कपडे, भांडी, देव, दागिने, मैत्रेयीची जुनी पुस्तकं, प्रत्येक गोष्टीला जागा होती. इतकी वर्षं इथे संसार केला. पण पासपोर्ट ठेवायला घरात जागा कुठे आहे, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

“तूच ठेव कुठेतरी,” ते म्हणाले. “मला सांगू नकोस. नाहीतर मी सारखा उघडून बघत बसेन.”

आणि ते कामावर गेले.