काळानिळा डोळा

अमेरिकेत हर्नडनला असताना मी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचे, हे चारचौघांत निघालं की आजही माझी मान खाली जाते.

ऑफिसात शेजारच्या क्यूबिकलमध्ये मेलबर्नची एक बाई होती. तिकडे तेव्हा या खेळाच्या बायकांच्या टीम नुकत्याच कुठे उभ्या राहत होत्या आणि तिला खेळाडू मिळत नव्हते. सांगलीला शाळेत मी खो-खो खेळायचे, एवढं मी एकदा लंचला बोलून गेले. त्याच शनिवारी तिनं मला ग्राउंडवर नेलं. लांबट चेंडू, हातानंही खेळायचा आणि पायानंही. मधल्या दोन खांबांतून लाथाडला की सहा गुण, त्यांच्या बाजूनं गेला की एक. अंगात बिनबाह्यांचा शर्ट आणि आखूड चड्डी. पहिल्या दिवशी मी वरून ट्रॅकपँट चढवली. उकाड्यानं ती काढावी लागली, पण आधी आजूबाजूला कुणी देशी नाही ना, ते बघून घेतलं.

नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तो कुंपणापाशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा राहायचा.

दुसऱ्या वर्षी एका सामन्यात वर उडालेला चेंडू झेलायला मी आणि एक धिप्पाड पोरगी एकदमच उडालो. तिचं कोपर माझ्या डोळ्यावर बसलं. चेंडू मी सोडला नाही, याच आनंदात घरी आले. सकाळी आरशात बघितलं तर डोळा काळानिळा, आणि संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती. नवरा आरतीला तबला वाजवणार होता, त्यामुळे कॅन्सल करणं शक्य नव्हतं.

मेकअप थापून गेले. मंडळातल्या एका डॉक्टरांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो, मला शाळेच्या किचनमध्ये ओढलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय, काकू? फुटबॉल खेळताना लागलंय."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "माझी धाकटी बहीण न्हाणीघरात पाय घसरून पडायची. जन्मभर पडत राहिली."

"खरंच, काकू. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. टीम आहे आमची."

जितकं सांगत गेले तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं.

"आमच्या बेसमेंटमधली खोली रिकामी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "कधीही ये. काकांशी मी बोलले आहे."

म्हणजे ते आणखी कुणाकुणाला कळलं होतं, देव जाणे. जेवणाच्या रांगेत काकांनी माझ्या नवऱ्याच्या नमस्काराकडे बघितलंच नाही. गाडीत त्यानं विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी सगळं सांगितलं. सिग्नलला त्यानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "म्हणजे मी तुला मारतो, हे त्यांना पटलं. लगेच."

दुसऱ्या दिवशी मीच काकूंना फोन केला. "शनिवारी मॅच आहे. तुम्ही या, डोळ्यांनी बघा."

दोघं आले, घडीच्या खुर्च्या घेऊन. काकू साडीत, पायात स्नीकर्स. त्यांच्यासमोर त्या चड्डीत पळताना मी ती सारखी खाली ओढत होते. हातातले चेंडू सुटले. समोर गोल मोकळा असताना मी बाजूला मारला आणि एक गुण मिळवला. मग एकीनं मला बरोबर त्यांच्या खुर्च्यांपुढे चिखलात आडवं केलं.

"अहो, मारतायत तिला!" काकू ओरडल्या आणि थेट मैदानात शिरल्या. पंचानं शिट्टी फुंकली. दोन्ही टीम बघत असताना त्या पदरानं माझं तोंड पुसत होत्या. एवढ्यात बहुतेक त्यांच्या लक्षात आलं. "खरंच खेळतेस गं तू," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं.

नंतर त्या कुंपणापाशी गेल्या आणि माझ्या नवऱ्यापुढे हात जोडले. "चुकलं रे माझं."

"असू दे, काकू," म्हणत त्यानं त्यांना पाणी दिलं.

काकूंनी ती गोष्ट कौतुकानं सगळीकडे सांगितली. पुढच्या गणपतीला मंडळानं तबल्यासाठी फोन केला, तेव्हा नवरा म्हणाला, वेळ नाही. मी अजून एक सीझन खेळले. त्यानंतर आम्ही पुण्याला परतलो. अजूनही तिकडचं कुणी भेटलं की हसत विचारतं, "डोळा फोडून घेतलेली ती तूच ना?" मीही हसते. नवरा मात्र तेवढ्यात चहाचं बघायला म्हणून आत निघून जातो.