देवघराचा पडदा

कुलदेवतेचे स्मरण करून कालच्या सायंकाळचे निवेदन करतो. मी शृंगारकथा लिहितो. नायक-नायिकेने शयनगृहाचे दार लोटले की मी देवघराचा पडदा ओढून घेतो, कारण देवासमक्ष असे लिहिण्याचा मला संकोच वाटतो. काल दिवाळी अंकाच्या संपादकांना कथा द्यायचीच होती, आणि पडदा दुपारपासून ओढलेला होता.

सांजवात करायला आमची सौभाग्यवती आली. “अहो, उरकलं का त्यांचं?”

“अद्याप नाही. नायक तिच्या भुवयांचे वर्णन करतो आहे.”

“दुपारपासून? ती बिचारी झोपली असेल! आणि देवाला किती वेळ कोंडून ठेवणार?” असे म्हणत तिने पडदा सर्रकन सारला.

समई उजळली आणि मी वर पाहिले. आमच्या देव्हाऱ्यातील महादेवाच्या मांडीवर पार्वती बसलेली आहे. पिढ्यान्पिढ्या बसलेली आहे. त्याचा हात तिच्या कमरेभोवती आहे. या उभयतांना मी रोज स्नान घालतो, गंध लावतो, आणि प्रणय लपवतो तोही नेमका त्यांच्यापासूनच!

“बघा,” सौभाग्यवती म्हणाली, “भुवयांबद्दल एक शब्द तरी बोलतोय का तो?”

मी दोन पाने खोडली. देवासमक्षच नायकाने नायिकेला जवळ घेतले, आणि कथा रात्रीच्या जेवणाआधी पूर्ण झाली.

वाचकहो, आपल्या घरातील जोडप्यांना परस्परांचा कंटाळा कधी न येवो, आणि वडीलधाऱ्यांना योग्य वेळी थोडे कमी ऐकू येवो.